विष्णुपंतांची हवेची पिशवी

कंपनीच्या नव्याकोऱ्या जीपमधला सीटबेल्ट किसन ड्रायव्हरनं आपल्या जेवणाच्या डब्याला बांधलेला पाहिला आणि विष्णुपंत टेंब्यांनी सकाळी घेतलेला चहा पोटातल्या पोटात पुन्हा उकळला. डबा शेजारच्या सीटवर ऐटीत बसला होता. किसनचा स्वतःचा पट्टा सीटखाली कोंबलेला होता.

“हे काय आहे?” विष्णुपंतांनी विचारलं.

“डबा हाय, साहेब.”

“ते दिसतंय मला! त्याला पट्टा का लावलाय?”

“वरण सांडतं ना. चिखलोलीच्या पुढे रस्ता कसा हाय, तुम्ही बघता की रोज.”

“आणि तू सांडलास म्हणजे?”

“मी काय वरण हाय काय, साहेब?” किसन मनापासून हसला.

विष्णुपंत अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. संतापण्याचाच पगार मिळणारा अख्ख्या कंपनीत हा एकच माणूस, आणि पगाराच्या मानानं ते काम जरा जास्तच करत. कामगारांना हेल्मेट दिली, तर त्यांतून बाजारातली मेथी घरी गेली. हातमोजे दिले, तर कँटीनमधली चहाची किटली उचलायला त्यांची फार सोय झाली. आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांचं लोकांनी काय केलं, हे पान खाणाऱ्या वाचकांना सांगायला नको. विष्णुपंत रोज बदलापुराहून, पदरचे पैसे घालून पट्टा बसवून घेतलेल्या आपल्या जुन्या फियाटनं येत, दिवसभर ओरडत आणि घसा बसला की घरी जात. ऐकत कोणीच नसे.

पण किसनचा मुद्दा वेगळा होता. मागच्या दिवाळीत खरवईच्या वळणावर त्याच्या जुन्या जीपला म्हैस आडवी आली. किसननं करकचून ब्रेक मारला. जीप थांबली, पण किसन थांबला नाही. त्याचं कपाळ काचेवर जाऊन आपटलं आणि टाके पडले. दवाखान्यात त्याची बायको द्रौपदी भिंतीला टेकून गप्प उभी होती, ते विष्णुपंतांना अजून विसरता येत नव्हतं. बरा होऊन किसन परत आला आणि पहिल्याच दिवशी नव्या जीपचा पट्टा सीटखाली कोंबून गाडीवर बसला. किसन भला माणूस होता, म्हणूनच विष्णुपंतांना त्याचा सगळ्यात जास्त राग येई. नव्या गाड्यांना पुढच्या सीटचे पट्टे सक्तीचे झाले होते, जीपमध्ये पट्टा होता, पट्ट्याला कडी होती. ती एक कडी या माणसानं एकदा खट्‌कन लावावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“पट्टा लावला की बांधून घातल्यासारखं वाटतं, साहेब,” किसन म्हणे. “उद्या गाडी पलटी झाली तर उडी कशी मारनार?”

“आजवर किती वेळा मारलीस उडी?”

“वेळ नाय आली. पण आली तर?”

याच सुमारास विष्णुपंत मुंबईला सुरक्षा अधिकाऱ्यांच्या एका परिषदेला गेले आणि तिथं त्यांनी एक परदेशी फिल्म पाहिली. गाडीत माणसाचा पुतळा बसवलेला. गाडी भिंतीवर आदळते आणि स्टिअरिंगमधून पांढरीशुभ्र पिशवी फुगून बाहेर येते. पुतळ्याचं डोकं अलगद तिच्यात टेकतं. विष्णुपंत परत आले ते भारावूनच. मालिनीबाई पोळ्या लाटत होत्या. विष्णुपंतांनी हात धुवायच्या आधीच सगळं वर्णन केलं.

“छान की,” मालिनीबाई म्हणाल्या. “एवढी पिशवी असल्यावर मग पट्टा कशाला हवा?”

विष्णुपंतांनी ओट्यावर मूठ आपटली. पिठाचा डबा उडाला.

“हेच! हेच ते अज्ञान! अगं, पट्टा हवाच! गाडी आपटली की माणूस पुढे फेकला जातो. पट्टा त्याला मागं धरून ठेवतो, तेवढ्यात पिशवी फुगते. डोळ्याचं पातं लवायच्या आत! मग माणूस थोडासा पुढे येतो तो भरलेल्या पिशवीवर. पट्टाच नसेल तर हा आधीच स्टिअरिंगवर जाऊन पडलेला असणार आणि पिशवी सुटणार ती थेट याच्या तोंडावर. वाचवायच्या ऐवजी थोबाडीत मारेल ती! दोघं मिळून काम करतात. आणि काम झालं की पिशवी आपली आपण बसते, तिला मागं भोकं असतात.”

“म्हणजे एकानं मागं ओढायचं आणि दुसऱ्यानं फुगायचं,” मालिनीबाई पोळी उलटत म्हणाल्या. “संसारच की.”

दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी तेच व्याख्यान कंपनीच्या ड्रायव्हरांना गॅरेजमध्ये दिलं. हातवारे केले, भिंत झाले, पुतळा झाले, पिशवीही झाले. ड्रायव्हर रंगून गेले. व्याख्यान संपल्यावर किसननं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, “मग साहेब, पट्ट्याच्या ऐवजी ती पिशवीच बसवा ना जीपला. झंझटच नको.”

त्या दिवशी विष्णुपंतांचा घसा दुपारच्या जेवणाआधीच बसला.

चार महिने रोज हेच सांगून झाल्यावर, बोलून भागत नाही, दाखवायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं. मार्चमधला सुरक्षा सप्ताह तोंडावर आला होता. उद्घाटनाच्या दिवशी मोठे साहेब, सगळे अधिकारी, झाडून सगळे कामगार गेटच्या आतल्या मंडपात बसतात. त्यांच्यासमोर स्टिअरिंगमधून खरोखरीची पिशवी फुगून दाखवायची. पट्टा लावून एकदा, पट्टा न लावता एकदा. मग बघू किसन काय म्हणतो ते. प्रश्न एवढाच होता की पिशवी आणायची कुठून.

“आपला हरिचंद्र आहे की,” मालिनीबाई म्हणाल्या. “सोफ्याची कव्हरं किती सुबक शिवली त्यानं.”

हरिचंद्राचं दुकान उल्हासनगरात होतं. फोम, रेक्झिन, गाड्यांच्या सीटा असा त्याचा धंदा. उल्हासनगरात अमुक एक वस्तू होणार नाही असं म्हणणं हा तिथं अपमान समजतात, आणि हरिचंद्र जन्मापासून तिथलाच. त्यानं विष्णुपंतांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

“एअरबॅग ना? करून देऊ. लेबल कुठलं लावू? जपान का जर्मनी?”

“लेबल नको!” विष्णुपंत कडाडले. “मला फसवाफसवी करायची नाही. नमुना पाहिजे, नमुना! लोकांना दाखवायला. स्टिअरिंगवर पिशवी बसव, शेजारी एक दोरी ठेव. मी दोरी ओढली की ती फुगली पाहिजे, आणि मागच्या भोकांतून लगेच बसली पाहिजे. आतून थोडी पावडर लाव, म्हणजे कापड चिकटत नाही. खऱ्या पिशवीतही असते.”

“टेन्शन नका घेऊ, साहेब. गाडी ठेवून जा. असली माल देतो की बाहेरवाले बघायला येतील.”

विष्णुपंत फियाट ठेवून गेले. चार वेळा विचारायला गेले आणि चारही वेळा हरिचंद्रानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. अखेर उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी गाडी तयार झाली. स्टिअरिंगच्या मधोमध लाल मखमलीची एक गलेलठ्ठ उशी बसली होती. तिच्यातून निघालेली नळी सीटखाली जात होती आणि तिथं सोडा-लेमनवाल्याकडचा गॅसचा अख्खा सिलिंडर आडवा झोपवला होता.

“दोरी कुठाय?” विष्णुपंतांनी विचारलं.

“दोरी कॅन्सल केली. डोकं लावलं जरा. साहेब, ॲक्सिडेंटमध्ये माणूस दोरी ओढत बसेल का? तो काय करतो? ब्रेक मारतो! मी तार ब्रेकलाच जोडून टाकली. हलका ब्रेक मारा, काय होणार नाही. जोरात मारला की फटाक!”

“अरे, पण मी दोरी सांगितली होती! रस्त्यात मला जोरात ब्रेक मारावा लागला तर?”

“त्याचा पण बंदोबस्त केलाय,” हरिचंद्र खूष होऊन म्हणाला. “पट्ट्याच्या कडीत एक खटका ठेवलाय. पट्टा लावला की व्हॉल्व लॉक. पिशवी येणारच नाही. पट्टा काढला की मग ती ड्युटीवर.”

विष्णुपंतांचा चेहरा हळूहळू पिशवीच्या मखमलीइतका लाल झाला.

“म्हणजे पट्टा असेल तर पिशवी नाही, आणि पिशवी असेल तर पट्टा नाही?”

“बरोब्बर! एका दाराला दोन दोन वॉचमन कशाला? गॅस पण वाचतो.”

“अरे हरिचंद्रा! मी चार महिने ऊर फोडून नेमकं हेच सांगतोय की दोघं बरोबर पाहिजेत! बरोबर! दाराला कडी आहे म्हणून कोणी घराची भिंत पाडतो का? तू तर माझं सगळं व्याख्यान उलटं शिवून ठेवलंस!”

“गिऱ्हाईकाला सोपं पडतं, साहेब. दोन दोन गोष्टी कोणी वापरत नाही.”

सगळं उसवून पुन्हा करायला आता वेळ नव्हता. विष्णुपंतांनी दातओठ खात हिशेब मांडला. पट्टा तर आपण लावतोच. पट्टा लावला आहे तोवर पिशवी येत नाही. उद्या मंडपासमोर गाडी उभी करायची, पट्टा काढायचा, सीटवर मागं रेलून बसायचं, शांतपणे ब्रेक दाबायचा आणि पिशवी दाखवायची. बाकीचं तोंडानं सांगता येईल. “उद्या तूही ये,” त्यांनी हरिचंद्राला दरडावलं. “काही बिघडलं तर निस्तरायला तूच पाहिजेस.”

“येणारच की. माझी पण ॲडव्हर्टाइज होईल.”

सकाळी विष्णुपंतांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कडी दोनदा ओढून बघितली आणि बदलापुरातल्या कुळगावातून निघाले. रस्ताभर त्यांनी ब्रेकवर पाय असा ठेवला, जणू खाली अंडं आहे. चिखलोलीजवळ एक सायकलवाला मधूनच वळला, त्याला त्यांनी ब्रेक न मारता नुसत्या शिव्यांवर चुकवलं. कंपनीच्या गेटशी पोचले तेव्हा मंडपातला कर्णा चालू झाला होता आणि त्यांच्या मनात आज प्रथमच थोडी आशा होती.

गेटवर भगवान वॉचमननं हात आडवा केला.

“साहेब, खिसे.”

हा नियम विष्णुपंतांनीच केलेला. केमिकलची कंपनी, म्हणून काडेपेटी, लायटर, विडी-सिगारेट सगळं गेटवर जमा करायचं. कोणालाही सूट नाही. खिसे उलटे करून दाखवल्याशिवाय गेट उघडायचं नाही, मग तो साक्षात सेफ्टी ऑफिसर का असेना. मागं एकदा भगवाननं मोठ्या साहेबांना तसंच सोडलं, तेव्हा विष्णुपंतांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं.

“भगवान, मी सिगारेट ओढत नाही, तुला ठाऊक आहे.”

“मला सगळं ठावूक हाय. पण नियम तुमचाच हाय, साहेब. पँटीचे पण दाखवा.”

पँटचे खिसे सीटच्या पट्ट्याखाली दबले होते. विष्णुपंतांनी पट्टा काढला, कमरेतून उठून दोन्ही खिसे उलटे केले. एकातून रुमाल निघाला आणि दुसऱ्यातून खोकल्याची गोळी. भगवाननं गोळीचा कागद सोडून वास घेतला आणि समाधानानं गेट उघडलं. तोवर मागं कामगारांची बस येऊन ठेपली होती आणि तिच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला होता. मंडप समोरच दिसत होता. पट्टा लावायचा राहून गेला. विष्णुपंतांनी गाडी आत घेतली, ती जरा तावातच.

नेमकी त्याच वेळी कँटीनच्या वेणूबाईंनी रस्त्याच्या मधोमध काढलेली भलीमोठी रांगोळी संपत आली होती. पहाटेपासून बसून त्यांनी हेल्मेट घातलेला गणपती काढला होता. सोंडेचं शेवटचं वळण देताना त्यांनी मान वर केली, तर फियाट अंगावर येताना दिसली.

“ओ साहेब! माझा गणपती!” वेणूबाई किंचाळल्या.

देव, बाई आणि रांगोळी एकदम समोर आल्यावर दुसरं कोणी जे करील तेच विष्णुपंतांनी केलं. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक मारला.

ब्रेकबरोबर ते पुढं गेले आणि पिशवी मागं आली. मखमलीची घडी सुटली, सीटखाली सोड्याच्या शंभर बाटल्या एकदम उघडल्यासारखा आवाज झाला आणि एक प्रचंड लाल गोळा विष्णुपंतांच्या नाकाडावर बसला. चष्मा कपाळावर गेला, हनुवटी आकाशाकडे झाली. तोंडात मारायची असते ती पिशवीनं बरोबर मारली होती. मग ती बसायला हवी होती. पण बसायचं नाव नाही. सिलिंडर मोठा होता, ती फुगतच गेली. विष्णुपंत सीटवर दाबले गेले, एक हात खिडकीबाहेर निघाला, दुसरा कुठं गेला ते त्यांनाही कळेना. वर पिशवीच्या दाबानं हॉर्न दबला आणि तोही अखंड वाजायला लागला.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

सुरक्षा सप्ताहात दर वर्षी नाटुकलं होई. या वर्षी ते भाषणाआधीच सुरू झालं, असा सगळ्यांचा समज झाला. लोक खुर्च्या सोडून गाडीभोवती जमले.

“अरे, काढा मला बाहेर!” विष्णुपंत ओरडले.

“काय ॲक्टिंग हाय!” कोणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या.

“ॲक्टिंग नाही, गाढवांनो! श्वास कोंडतोय माझा!”

“वन्स मोअर!”

मोठे साहेब माइकवर आले. “मित्रहो,” ते हॉर्नच्या वरताण आवाज काढून म्हणाले, “इतकी वर्षं आपण टेंबेसाहेबांची भाषणं ऐकली. खरं सांगायचं तर काहींनी झोपून ऐकली. पण आज या वयात त्यांनी स्वतःला त्या पिशवीत...” पुढचं हॉर्ननं गिळलं. विष्णुपंतांचा खिडकीबाहेरचा हात संतापानं थरथरत होता. तो अभिवादन करतो आहे असं समजून मोठ्या साहेबांनीही हात हलवला.

एवढ्यात गर्दीतून हरिचंद्र पुढं आला. त्याच्या डोळ्यांत धन्यता मावत नव्हती.

“बघितलं साहेब? फुगली का नाही! पहिल्याच झटक्यात!”

“बसव तिला! ताबडतोब बसव!”

“बसणार कशी?”

“भोकं ठेवायची सांगितली होती ना मी!”

“भोकं कशाला ठेवू, साहेब? बाहेरची असते ती एकदा फुगली, बसली, खलास. फेकून द्यायची. गिऱ्हाईकाचं नुकसान. ही आपली परमनंट आहे. एकदा फुगली की जिंदगीत बसणार नाही, गॅरंटी!”

विष्णुपंतांनी यावर जे उद्गार काढले ते मखमलीत अडकले, हे बरंच झालं. लोकांनी दार ओढून पाहिलं, पण पिशवी दाराच्या मुठीवरच टेकली होती. दुसऱ्या बाजूनं किसन आत शिरला आणि पिशवीला खांदा लावून ढकलू लागला. त्यानं पिशवी आणखी विष्णुपंतांकडे सरकली.

“किसन, ढकलू नकोस! मेलो!”

“साहेब खरंच बोलतायत काय?” किसन घाबरून मागं वळला. “ओ, हे नाटक नाय वाटतं!”

“नाटक कसलं, डोळे फुटलेत काय?” वेणूबाई कँटीनमधून कांदा चिरायची सुरी घेऊन परतल्या होत्या. गणपतीच्या सोंडेवर फियाटचं चाक टेकलं होतं आणि त्यांचा राग कोणावर निघायचा ते अजून ठरलेलं नव्हतं. “माणूस निळा पडलाय आणि टाळ्या वाजवता! सरका!”

“वेणूबाई, नको! माल खराब होईल!” हरिचंद्र आडवा आला. त्यांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि खिडकीतून सुरी पिशवीत खुपसली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. हॉर्न थांबला. गाडीतून पांढऱ्या धुराचा लोट उठला. विष्णुपंतांनी थोडी पावडर सांगितली होती. हरिचंद्रानं हात राखला नव्हता. धूर विरला तेव्हा गाडीचं दार उघडून एक पांढरीफटक आकृती बाहेर पडली. केस पांढरे, मिशा पांढऱ्या, इस्त्रीचा शर्ट पांढरा, आणि दोन्ही खिसे अजून उलटे लोंबत होते.

कोणी हसलं नाही. विष्णुपंतांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांचा साठलेला संताप एका दमात बाहेर काढला.

“पट्टा!” ते गरजले. “पट्टा सोडला मी! गेटपासून इथवर, एवढ्याशा अंतराला! मी पट्टा लावला असता तर हे झालंच नसतं! समजलं? पट्टा लावला असता तर ही पिशवी माझ्या थोबाडावर आलीच नसती!”

आणि मग त्यांना खोकला आला. पुढचं सगळं व्याख्यान, म्हणजे पट्टा मागं कसा धरतो, पिशवी पुढून कसं सांभाळते, दोघांची गाठ कशी असते, खरी पिशवी कशी बसते, ते त्या खोकल्यातच राहिलं. लोकांनी त्यांना धरून कँटीनमध्ये नेलं आणि वेणूबाईंनी बडबडत बडबडत आल्याचा चहा पाजला. चहाबरोबर मोडलेल्या गणपतीबद्दलही बरंच काही पाजलं.

घरी मालिनीबाईंनी दार उघडलं आणि त्या दारातच थबकल्या.

“एक अक्षर बोलू नकोस,” विष्णुपंत म्हणाले.

“मी कुठं बोलतेय? आधी अंगणात अंग झटका, एवढंच.”

विष्णुपंतांनी आपल्या नोकरीचं, अब्रूचं आणि सुरक्षिततेच्या विचाराचं असं तिहेरी श्राद्ध त्या रात्री मनातल्या मनात घातलं. त्यांना हसं झाल्याचं तितकं दुःख नव्हतं. हसं त्यांचं आधीही होतच होतं. पण हाताशी आलेली एकच संधी, सगळी माणसं जागी असलेला एकमेव दिवस, आणि त्यात आपण धड एक वाक्य पुरं बोललो नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. आता किसन जन्मात पट्टा लावणार नाही, हे त्यांनी धरूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी ते अंग दुखतं म्हणून घरी राहिले. तिसऱ्या दिवशीही दुखतच होतं.

चौथ्या दिवशी मालिनीबाईंनी त्यांना घराबाहेर काढलं. विष्णुपंत खाली मान घालून कंपनीच्या गेटशी उतरले, भगवानला मुकाट्यानं खिसे दाखवले आणि आत शिरले, तोच समोरून अकाउंटवाल्यांची गाडी आली. ड्रायव्हरच्या छातीवरून काळा पट्टा आडवा गेला होता. विष्णुपंतांनी डोळे चोळले. तिच्यामागून मोठ्या साहेबांची गाडी आली. ड्रायव्हरला पट्टा, आणि शेजारी बसलेल्या साहेबांच्या शिपायालाही पट्टा. सगळ्यात शेवटी किसनची जीप आली. किसननं गेटच्या आधी गाडी थांबवली होती आणि तो पट्ट्याची कडी एकदा ओढून बघत होता. डबा शेजारच्या सीटवर नुसताच ठेवला होता. त्यातलं वरण थोडं सांडलंही होतं आणि किसननं त्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

विष्णुपंत जवळजवळ धावतच जीपपाशी गेले.

“किसन! अरे, पट्टा लावलास?”

“म्हणजे काय, साहेब! तुमचे हाल बघितले ना डोळ्यांनी. घरी द्रौपदीला सांगितलं. ती बोलली, गळ्याची शपथ हाय, पट्टा लावल्याशिवाय गाडीवर बसायचं नाय.”

“शाबास! शाबास रे!” विष्णुपंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं ओरडून झालं नाही ते झालं होतं. “म्हणजे तुला पटलं एकदाचं! पट्टा आणि पिशवी...”

“पटलं तर! पट्टा लावला की पिशवी येत नाय.”

विष्णुपंतांचा हात खांद्यावरच थिजला.

“काय?”

“तुम्हीच बोललात ना सगळ्यांसमोर. पट्टा नाय लावला म्हणून पिशवी थोबाडावर आली. हरिचंद्रपण तेच बोलला. आता कोण नाय सोडत पट्टा, साहेब. ती बला अंगावर कोण घेईल?”

विष्णुपंतांच्या कानशिलाची शीर ताडकन उडाली. चार महिन्यांचं व्याख्यान, ती फिल्म, तो पुतळा, ओट्यावर आपटलेली मूठ, सगळं उसळून त्यांच्या जिभेवर आलं. अरे मूर्खा, पिशवी ही बला नाही, ती पट्ट्याची वैरीण नाही, जोडीदारीण आहे! आणि तुझ्या जीपमध्ये पिशवी आहेच कुठं? अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात ती एक होती आणि तीही वेणूबाईंनी सुरीनं फोडली! त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

पण तेवढ्यात किसननंच आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, एक विचारू? आमच्यात पैज लागलीय. परवा हरिचंद्र सीटा शिवायला म्हणून गॅरेजात आला होता. कंपनीनं गुपचूप सगळ्या गाड्यांना पिशव्या बसवून घेतल्या असं भगवान बोलतो. खरं काय? माझ्या जीपला बसवलीय का?” त्याचा अंगठा पट्ट्याच्या कडीवरच्या लाल बटणावर टेकला होता. “नसेल तर तसं सांगा. मग उगाच कशाला आवळून घेऊ?”

विष्णुपंत त्या अंगठ्याकडे बघत राहिले. भरलेला श्वास आत घुसमटत होता. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात त्यांनी भटजींना टोकलं होतं, आणि सासऱ्यांना तर त्यांच्या आजारपणातही.

“बसवलीय,” ते म्हणाले.

किसनचा अंगठा बटणावरून उडाला. “आयला! केवढी?”

“माझ्यापेक्षा मोठी,” विष्णुपंत दात खाऊन म्हणाले. “आणि तिला भोकं नाहीत.”

किसननं घाईघाईनं पट्टा आणखी आवळला, कडी पुन्हा ओढून पाहिली आणि जीप हळूच, ब्रेकला न दुखावता, गेटबाहेर काढली. ती खरवईच्या रस्त्याला लागेपर्यंत विष्णुपंत तिथंच उभे होते. मग ते वळले आणि भगवानच्या गणवेशाचं वरचं बटण उघडं का, म्हणून त्याच्यावर इतके भडकले, इतके भडकले की मंडपाच्या दोऱ्या सोडणारी माणसंसुद्धा काम थांबवून बघायला आली.